दूरचित्रवाणीचा रंग आणि एका ओळीची आठवण

(ग्रंथपाल व अभिलेख सांभाळणारे कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रसिद्धी अधिकाऱ्याने विद्युत्-मंडलांवर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी कलाशाखेचा पदवीधर. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. विज्ञानाच्या तासाला ओहमच्या नियमापलीकडे माझी मजल कधी गेली नाही. तरीही आजचा विषय मी आपण होऊन मागून घेतला. त्याला कारण एक चूक आहे, आणि त्या चुकीवर माझी सही आहे.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात होतो, तेथे एका कपाटात पाऊण इंची चित्रफितींच्या जाडजूड पेट्या पडून होत्या. १९८० च्या दशकातील सरकारी समारंभ, शिबिरे, उद्घाटने यांची ती चित्रणे होती. त्यांतच एका गावच्या देवीच्या जत्रेत हौशी मंडळींनी केलेल्या संगीत नाटकाची एक फीत होती. बाहेरच्या एका व्यावसायिकाकडून या फिती संगणकावर उतरवून घेण्यात आल्या. काम स्वस्तात झाले. नाटकाच्या फितीपुढे शेरा आला, ‘कृष्णधवल, दर्जा निकृष्ट’. अशा शेऱ्याच्या फितींची यादी झाली आणि ‘मूळ फिती निकाली काढण्यास हरकत नाही’ या टिपणीखाली मी सही केली. एक खेप गेलीही. दुसरी खेप जाण्यापूर्वी आमच्याकडून निवृत्त झालेले एक तंत्रज्ञ निवृत्तिवेतनाच्या कामासाठी कार्यालयात आले. टेबलावरची यादी त्यांनी उलटसुलट वाचली आणि म्हणाले, ‘‘साहेब, त्या जत्रेला मीच गेलो होतो. कॅमेरा रंगीत होता. मग फीत कृष्णधवल कशी झाली?’’

या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी मला जे शिकावे लागले, ते आज आपणांपुढे मांडणार आहे.

दूरचित्रवाणीचे चित्र म्हणजे मुळात एक लांबलचक ओळ आहे. आपण पान वाचतो तसे कॅमेरा समोरचे दृश्य डावीकडून उजवीकडे, वरून खाली वाचीत जातो. आपल्या देशात स्वीकारलेल्या पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे. म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. एका ओळीच्या वाट्याला ६४ मायक्रोसेकंद येतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. या ६४ पैकी ५२ मायक्रोसेकंदांत चित्र असते. उरलेल्या १२ मध्ये चित्र नसते, परंतु सर्व व्यवस्था त्या १२ मध्येच असते. ओळ संपली, आता मागे फिरा, हे सांगणारा सुमारे ४.७ मायक्रोसेकंदांचा एक ठोका तेथे असतो. हा ठोका काळ्या रंगाच्या पातळीच्याही खाली ठेवलेला असतो, त्यामुळे तो पडद्यावर दिसत नाही आणि ग्राही संचातील एक साधे मंडल त्याला चित्रापासून वेगळा काढू शकते.

हा ठोका चुकला की चित्र फाटते. माझ्या लहानपणी शेजारच्या घरी आम्ही मुले दूरचित्रवाणी पाहायला जात असू. रस्त्यावरून स्कूटर गेली की पडद्यावर ठिपके उडत, परंतु चित्र सहसा जागचे हलत नसे. याचे श्रेय ज्या मंडलाला आहे, ते १९४३ मध्ये अमेरिकेतील आरसीए कंपनीच्या कार्ल वेंट आणि गॉर्डन फ्रेडेंडॉल यांनी एका निबंधात मांडले. प्रत्येक ठोक्याला लगेच मान तुकवण्याऐवजी संचाने आपली चाल अनेक ठोक्यांच्या सरासरीवर ठरवावी, ही त्यातली कल्पना. गिरणीचे जड चाक एखादा धक्का लागला म्हणून वेग बदलीत नाही, तसेच हे. इंग्रजीत या मंडलाला त्या जड चाकाचेच नाव आहे.

इथपर्यंत सर्व काळे-पांढरे आहे. खरी अडचण रंगाची.

रंग दाखवायचा तर लाल, हिरवे आणि निळे अशी तीन चित्रे पाठवावी लागतात. तीन चित्रांना तिप्पट जागा हवी. आकाशातील कंप्रतांची जागा जमिनीसारखीच मोजकी. तिपटीने कोण देणार? शिवाय ज्यांनी पदरमोड करून साधे संच घेतले, त्यांचे काय? अमेरिकेत १९५० च्या ऑक्टोबरात सरकारी आयोगाने सीबीएस कंपनीच्या पीटर गोल्डमार्क यांची फिरत्या रंगीत तबकडीची पद्धत मान्य केली. रंग सुरेख होते, असे पाहणारे सांगत. परंतु लोकांच्या घरी असलेल्या लक्षावधी साध्या संचांवर त्या पद्धतीचे चित्र दिसतच नव्हते. १९५१ च्या जूनमध्ये तिचे व्यावसायिक प्रक्षेपण सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बंद पडले. सरकारी निर्णय नागरिकाच्या घरातील वस्तू निरुपयोगी करीत असेल, तर त्याचे काय होते, याचा हा धडा आमच्यासारख्यांनी ध्यानात ठेवावा असा आहे.

खरा मार्ग त्याआधीच एका माणसाने दाखवून ठेवला होता. जॉर्ज व्हालेन्सी हे फ्रान्सच्या दूरसंचार क्षेत्रातील अभियंते. १९३८ मध्ये त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला. त्याचे सार असे की, तीन रंग तीन वाटांनी पाठवू नका. त्यांची बेरीज करून एक तेजस्वितेचा संदेश करा, तो जुन्या संचांना काळे-पांढरे चित्र म्हणून पुरेल. आणि रंगाचा संदेश निराळा ठेवा, तो ज्याला हवा त्याने घ्यावा. त्या वेळी रंगीत प्रक्षेपणाचा पत्ताही नव्हता. तरीही जगात पुढे रूढ झालेली प्रत्येक रंगीत पद्धत याच पायावर उभी राहिली.

ही बेरीज समसमान नसते. तेजस्वितेत हिरव्याचा वाटा ५९ टक्के, लालचा ३० टक्के आणि निळ्याचा अवघा ११ टक्के धरतात, कारण आपला डोळा हिरव्याला सर्वांत अधिक उजळ मानतो. डोळ्याचा आणखी एक दुबळेपणा अभियंत्यांच्या कामी आला. बारीक कडा, अक्षरे, पापणीचे केस हे सारे आपण उजेड-अंधाराच्या फरकाने ओळखतो. रंगाची नजर त्यामानाने ढोबळ असते. रांगोळी घालणाऱ्या बायांना हे कोणी शिकवावे लागत नाही. पांढरी रेघ नेमकी काढतात आणि आतला रंग चिमटीने सैल सोडतात. तेव्हा तेजस्वितेला ५ मेगाहर्ट्झ रुंदीची जागा दिली, तर रंगाला १.३ मेगाहर्ट्झ पुरतात.

तेवढी तरी जागा आणायची कोठून? येथे १९३४ सालचे एक संशोधन उपयोगी पडले. बेल प्रयोगशाळेतील पियर मर्ट्झ आणि फ्रँक ग्रे यांनी दाखवून दिले होते की, ओळीओळीने वाचलेल्या चित्राची शक्ती सर्व कंप्रतांवर सारखी पसरत नाही. ती ओळींच्या कंप्रतेच्या पटींभोवती पुंजक्यांनी गोळा होते आणि दोन पुंजक्यांमध्ये जागा बरीचशी रिकामी राहते. फणीच्या दातांमधल्या फटीत दुसऱ्या फणीचे दात बसवावेत, तसा रंगाचा संदेश या फटींत बसवता आला. अमेरिकेत एनटीएससी या नावाने ओळखली जाणारी पद्धत अशी सिद्ध झाली आणि १७ डिसेंबर १९५३ रोजी तिला मान्यता मिळाली. रंगाचा उपवाहक ध्वनीच्या वाहकाला त्रास देऊ नये म्हणून त्यांनी सेकंदाला ६० क्षेत्रांऐवजी ५९.९४ क्षेत्रे केली. तो अपूर्णांक आजही अमेरिकी चित्रणांत जसाच्या तसा आढळतो.

आता या कहाणीतील सर्वांत नाजूक जागा. उपवाहकाच्या एकाच लहरीवर रंगाच्या दोन गोष्टी पाठवायच्या असतात : रंग किती गडद, आणि रंग कोणता. गडदपणा लहरीच्या उंचीत ठेवला. रंग कोणता हे तिच्या कलेत ठेवले. ‘कला’ हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकात प्रथम वाचला तेव्हा मला माझ्या शाखेची आठवण झाली. पण ही कला चंद्राची. लहर आपल्या फेऱ्यात या घडीला कोठे आहे, ती तिची कला. संचाला ही कला मोजायची तर मूळ लहर कोठून मोजायची हे ठाऊक हवे. म्हणून प्रत्येक ओळीच्या आरंभी, त्या न दिसणाऱ्या १२ मायक्रोसेकंदांत, उपवाहकाचे आठ-दहा फेरे नमुन्यादाखल पाठवतात. याला अभियंते ‘बर्स्ट’ म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवावा, कारण आमच्या नाटकाची फीत येथेच अडकली होती.

प्रक्षेपक, तारा, डोंगरावरून परतलेल्या लहरी, या वाटेत कला थोडी जरी सरकली तरी रंग बदलतो. माणसाचा चेहरा हिरवट किंवा जांभळट होतो. आकाश किंचित निराळे दिसले तर कोणी तक्रार करीत नाही. चेहरा बिघडला की सर्वांना कळते. अमेरिकी संचांना म्हणूनच रंगछटा सुधारण्याची एक खुंटी असे आणि घरोघर ती पिळली जाई. एनटीएससी या अक्षरांचा अर्थ ‘नेव्हर ट्वाइस द सेम कलर’, म्हणजे दोनदा तोच रंग कधी नाही, असा अभियंत्यांनीच थट्टेने लावला होता.

युरोपातील लोकांनी हे पाहिले आणि अमेरिकी पद्धत जशीच्या तशी घेतली नाही. फ्रान्समध्ये आंरी द फ्रान्स यांनी १९५६ मध्ये निराळा तोडगा काढला. रंगाचे दोन घटक एकदम पाठवूच नयेत. एका ओळीत एक, पुढच्या ओळीत दुसरा पाठवावा, आणि संचाने मागच्या ओळीतला घटक स्मरणात धरून दोहोंचा मेळ घालावा. ‘सेकाम’ या नावात ‘स्मरण’ हा शब्द आहे तो त्यामुळेच.

जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीत वाल्टर ब्रुख नावाचे अभियंते होते. तरुणपणी, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणात त्यांनी काम केले होते. १९६२ च्या अखेरीस त्यांनी आपल्या पद्धतीचे एकस्व मागितले आणि ३ जानेवारी १९६३ रोजी हॅनोव्हर येथे युरोपातील तज्ज्ञांपुढे तिचे प्रात्यक्षिक दाखवले. तिचे नाव ‘पाल’. रंगाच्या दोन घटकांपैकी एकाची दिशा प्रत्येक ओळीला उलटी करायची, एवढेच तिचे मर्म. दिशा आलटून पालटून बदलण्याचा विचार अमेरिकेतही झाला होता, आणि ओळ स्मरणात ठेवण्याची कल्पना फ्रान्सची. ब्रुख यांनी दोहोंची सांगड घातली.

हे मला बराच काळ उमगत नव्हते. ते तंत्रज्ञ म्हणाले, ‘‘साहेब, तागडी खोटी असली तर गावातली शहाणी बाई काय करते?’’ ती माल एकदा डाव्या पारड्यात घालून तोलते, एकदा उजव्या. एकदा वजन जास्त भरते, एकदा कमी; दोहोंचा मध्य खऱ्याला जाऊन भिडतो. पाल पद्धतीत वाटेवरचा दोष तोच राहतो, पण संचात दिशा पुन्हा सुलटी केल्यावर एका ओळीत तो रंगाला तांबडेपणाकडे ढकलतो आणि पुढच्या ओळीत तेवढाच उलट बाजूला. दोन्ही ओळींची सरासरी काढली की रंग खरा उरतो. गडदपणा मात्र किंचित उतरतो. डोळ्याला तो चालतो.

सरासरी काढायची तर मागची ओळ पुढची येईपर्यंत धरून ठेवायला हवी. १९६० च्या दशकात घरगुती संचात स्मृतीचा संगणकी तुकडा बसवण्याची सोय नव्हती. तारेतून संदेश ६४ मायक्रोसेकंद फिरत ठेवायचा तर सुमारे १३ किलोमीटर लांबीची तार लागली असती. तोडगा निघाला तो काचेचा. संदेशाचे रूपांतर कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरीत करावे, ती लहर काचेत सोडावी आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा विजेत आणावी. काचेत अशी लहर सेकंदाला सुमारे अडीच किलोमीटर जाते; म्हणजे १३ किलोमीटर तारेचे काम सुमारे १६ सेंटीमीटर काचेत भागले. पुढे तीच वाट काचेच्या लहान चकतीत कडांवर आपटवीत, घड्या घालून बसवण्यात आली. विलंब ठेवला जातो ६३.९४३ मायक्रोसेकंद, म्हणजे उपवाहकाचे बरोबर साडेदोनशे अधिक साडेतेहतीस, २८३.५ फेरे. जुना रंगीत संच उघडलात तर बहुधा ही चपटी डबी आपणांस मंडलाच्या पाटीवर दिसेल. मी पहिल्यांदा ती हातात घेतली तेव्हा तिच्यात काच आहे यावर माझा विश्वास बसेना. आमच्या घरचा संच वर्षानुवर्षे दर सेकंदाला १५,६२५ वेळा एकेक ओळ काचेतून ऐकत होता आणि आम्ही वर फुलदाणी ठेवली होती!

ब्रुख यांना एकदा विचारले गेले की, पद्धतीला स्वतःचे नाव का दिले नाही. त्यांच्या आडनावाचा जर्मन अर्थ ‘मोडतोड’. मोडतोड पद्धतीचा संच कोण विकत घेणार, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. २५ ऑगस्ट १९६७ रोजी पश्चिम जर्मनीत रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. व्हिली ब्रांट यांनी समारंभात लाल कळ दाबायची होती. ती दाबली जाण्याच्या क्षणभर आधीच चित्र रंगीत झाले, कारण कळ केवळ शोभेची होती. उद्घाटनांची व्यवस्था पाहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या प्रसंगाबद्दल विशेष आपुलकी वाटते.

आपल्याकडे दिल्लीत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. रंग आला १९८२ मध्ये. त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनाचा सोहळा आणि नोव्हेंबरातील दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धा लोकांनी रंगात पाहिल्या. भारताने पाल पद्धत घेतली. ज्यांच्याकडे साधे संच होते त्यांनी त्याच स्पर्धा काळ्या-पांढऱ्या पाहिल्या, आणि त्यांना नवा संच घ्यावा लागला नाही. व्हालेन्सी यांच्या अर्जाला तेव्हा ४४ वर्षे झाली होती.

आता फितीकडे येऊ. रंगीत संचात ‘कलर किलर’ नावाचे एक मंडल असते. नाव भयंकर आहे, काम सज्जनाचे आहे. कृष्णधवल चित्रपट लागला असता रंगाचे मंडल उघडे राहिले तर तेजस्वितेतील बारीकसारीक खळबळीलाच ते रंग समजून पडद्यावर रंगीत कुसळे उडवते. म्हणून हे मंडल प्रत्येक ओळीत बर्स्ट आहे का, ते पाहते. नसेल तर रंगाचे दार बंद करते. मात्र बर्स्ट असूनही क्षीण असेल, किंवा त्याची चाल डळमळीत असेल, तरी हे मंडल ‘रंग नाही’ असाच निकाल देते. वर्षानुवर्षे दमट कपाटात पडलेल्या फितीवर, मळलेल्या वाचनशीर्षावर नेमके हेच होते. फीत क्षणोक्षणी किंचित ताणते, सैल पडते. ओळी ६४ ऐवजी कधी थोड्या कमी, कधी थोड्या अधिक वेळाच्या होतात. जुने संच जड चाकाच्या हिशेबाने ते बरेचसे निभावून नेत. संगणकाला जोडलेली स्वस्त डबी ते निभावीत नाही. तिने रंग नाही असे ठरवले, व्यावसायिकाने ‘कृष्णधवल’ लिहिले, आणि मी सही केली. या साखळीत खोटे कोणीच बोलले नव्हते.

यावरचा उपाय १९७० च्या दशकापासून उपलब्ध होता. ‘टाइम बेस करेक्टर’ हे यंत्र येणारी डळमळीत ओळ आकड्यांच्या रूपाने स्मृतीत घेते आणि स्थिर घड्याळाच्या तालावर बाहेर सोडते. म्हणजे पुन्हा तीच युक्ती, ओळ क्षणभर धरून ठेवण्याची. काचेऐवजी आता स्मृतीचे तुकडे. आमच्या तंत्रज्ञांनी असे एक जुने यंत्र मिळवले, फितीच्या यंत्राची शीर्षे तीन दिवस खपून स्वच्छ केली, आणि तेजस्विता व रंग यांचे संदेश निरनिराळ्या तारांनी बाहेर काढले. चौथ्या दिवशी दुपारी पडद्यावर नाटकाचा दुसरा अंक सुरू झाला. पहिले काही क्षण करडे गेले. मग वरच्या कोपऱ्यातून रंग थरथरला, गेला, पुन्हा आला आणि टिकला. नायिकेने हिरवा शालू नेसला होता, काठ जांभळे होते. नाटकातील एक वयोवृद्ध कलावंत त्या गावी अजून राहतात. त्यांना आम्ही चित्र न दाखवता शालूचा रंग विचारला. ते म्हणाले, ‘‘हिरवा. माझ्या आईचा होता तो. काठ जांभळे.’’

यानंतरचा प्रवास मी थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्या रोजच्या वापरात आहे. आज चित्र आकड्यांत साठवतात. त्यासाठी चित्राचे लहान चौकोन करून प्रत्येकातले बारीकसारीक चढउतार गणिताने दाबतात. या गणिताची मूळ कल्पना बंगळूरला जन्मलेले आणि तेथेच अभियांत्रिकी शिकलेले नासिर अहमद यांची. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे संशोधनासाठी निधी मागितला, तो मिळाला नाही. कल्पना फारच साधी आहे, असा एक शेरा होता. त्यांनी निधीविना काम पुरे केले आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. दूरदर्शनची डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली थेट उपग्रह सेवा त्याच गणितावर उभी राहिली. टिपणीवरील शेऱ्यांविषयी मी आज पुरेसे बोललो आहे, तेव्हा याविषयी अधिक बोलत नाही. मात्र एक सांगतो : आपल्या भ्रमणध्वनीतील चित्रणातही तेजस्वितेचे चार ठिपके घेतात तेव्हा रंगाची एकच जोडी घेतात. रंगाला कमी जागा पुरते, हा हिशेब अजून तोच आहे.

आपणांपैकी अनेकांच्या कपाटांत अशा फिती असतील. ‘कृष्णधवल’ असा शेरा दिसला तर प्रथम चित्रणाचे साल पाहा, कॅमेरा कोणता होता ते जुन्या नोंदवहीत पाहा, आणि ज्याने चित्रण केले तो माणूस हयात असेल तर त्याला विचारा. अमेरिकेतील नातलगाने पाठवलेली फीत असेल तर ती एनटीएससीची असण्याचा संभव आहे. पाल पद्धतीवर लावलेले साधन तिलाही रंगहीन ठरवील. उतरवून झाले तरी मूळ फीत टाकू नका. वाचनयंत्रे दुर्मिळ होत चालली आहेत आणि ती दुरुस्त करणारे हात त्याहून दुर्मिळ आहेत.

आमच्या त्या नोंदवहीत नाटकाच्या फितीपुढील ‘कृष्णधवल’ हा शब्द खोडून मी ‘रंगीत’ लिहिले आणि खाली तारीख घातली. पहिल्या खेपेत गेलेल्या अकरा फितींपुढे मात्र ‘कृष्णधवल’ हाच शब्द आहे. त्यांतल्या किती खरोखर कृष्णधवल होत्या, हे सांगता येत नाही.

ते तंत्रज्ञ आज येथे आले आहेत. त्यांनी पलीकडच्या खोलीत यंत्र चालू करून ठेवले आहे आणि काचेची ती डबीही उघडून ठेवली आहे. आपण तेथे जाऊ या.